सकाळी व्यायाम आणि दिवसभर खुर्ची : मनाच्या ताब्यावर परिणाम कशाचा होतो?

हिशेबनीस :
माझे वय सत्तेचाळीस असून हिशेबाच्या कामामुळे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात. रोज सकाळी पाऊण तास भरभर चालतो, म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सहज पूर्ण होते. तरीही दुपारनंतर लक्ष टिकत नाही, हात मोबाइलकडे जातो आणि ठरवूनही फरसाणाचा डबा उघडला जातोच. व्यायामाने मनावरचा ताबा सुधारत असेल, तर तो फायदा दिवसभर बसल्याने पुसला जातो का?

शाईचा रंग :
आधी ताबा मोजतात कसा ते पाहू. स्ट्रूप चाचणीत ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि तो न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. वाचण्याची सवय आवरायला जितका जादा वेळ लागतो, तितका ताबा कमी मानतात. व्हँकुव्हरमध्ये ६५ ते ७५ वर्षांच्या १५५ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वजनांचा व्यायाम वर्षभर करणाऱ्या स्त्रिया या चाचणीत, केवळ तोल सांभाळण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पुढे गेल्या. कोलंबिया विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात २० ते ६७ वयाचे १३२ जण होते. सहा महिन्यांच्या दमश्वासाच्या (म्हणजे दम लागेल अशा, एरोबिक) व्यायामाने त्यांची नियंत्रणक्षमता, म्हणजे हाच ताबा, सुधारली, आणि वय जितके जास्त तितका लाभ मोठा दिसला. तेव्हा आपल्या वयाला व्यायाम निष्फळ नाही. मात्र केवळ चालण्यावर न थांबता वजनेही उचलावीत, असे माझे मत आहे.

अर्धा तास :
मूळ प्रश्न बसण्याचा आहे, म्हणून त्याविषयी. लिव्हरपूलमधील संशोधकांनी २०१८ मध्ये कार्यालयात काम करणाऱ्या १५ जणांना सलग चार तास बसवले, तेव्हा मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह घटला. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे चालल्यावर ही घट झाली नाही, पण दर दोन तासांनी आठ मिनिटे चालून ती टळली नाही. एकूण चालणे तेवढेच असूनही फरक पडला, हे मला विशेष वाटते. अर्थात रक्तप्रवाह म्हणजे संयम नव्हे, आणि पंधरा माणसे म्हणजे फारच थोडी. शिवाय सगळे बसणे सारखे नसते. ब्रिटनमधील साठीपुढच्या सुमारे १,४५,००० लोकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये असे आढळले की टीव्हीसमोर जास्त बसणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक होता, तर फुरसतीत संगणक वापरणाऱ्यांत तो कमी होता. हिशेब तपासत बसणे या दोहोंपैकी कशाच्या जवळ आहे, हे आपणच ठरवा.

उलट तपासणी :
वरच्या दोन्ही उत्तरांत एक बाजू राहिली. ज्याचा मनावर ताबा चांगला, तो पहाटे उठून चालायला जातो; म्हणजे ताब्यामुळे व्यायाम होतो, हेही तितकेच संभवते. इंग्लंडमधील वयस्कांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारित २०१५ च्या अभ्यासात हे नाते दोन्ही दिशांनी आढळले. निरोगी लोकांवरील १०९ प्रयोगांचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामाचा बुद्धीवरील परिणाम मुळातच लहान निघाला आणि अनुकूल निष्कर्षच जास्त छापले जातात हे लक्षात घेतल्यावर जवळजवळ नाहीसा झाला. आणखी एक गोष्ट अशी की, हे प्रयोग मुद्दाम केलेल्या व्यायामाचे असतात. महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत (२०१४) फुरसतीत व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. आपल्याकडे शरीरश्रम बहुतेक कामातूनच घडतात, आणि हमालाच्या किंवा शेतमजुराच्या श्रमांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे मला पटत नाही. आपल्या फरसाणाचा दोष खुर्चीला देण्याआधी रात्रीची झोप आणि दुपारचे जेवण तपासावे.

हिशेबनीस :
झोप साडेपाच तासांचीच होते, हे कबूल. आठवड्यातून दोनदा वजने उचलायला सुरुवात करतो. दर अर्ध्या तासाने उठणे ही अधिकृत शिफारस आहे का?

अर्धा तास :
नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये बसण्याचा वेळ कमी करण्यास सांगितले, परंतु पुरेसा पुरावा नसल्याने तासांची मर्यादा घालून दिली नाही. अर्धा तास हे अंतर केवळ त्या प्रयोगातील आहे.