कुपीतली पावडर आणि लाल टोपणाची सिरिंज

प्रशांत (३०२): जिमच्या ग्रुपवर हे फिरायलंय, फोटो टाकलोय बघा. वजन उतरवायचं इंजेक्शन रेटाट्रुटाइड, १० मिलिग्रॅमची कुपी, 'आठवड्याला एक टोचा, भूकच लागत नाही'. आपल्या सोसायटीतल्या दोन-तीन घरातनं विचारायलेत. विनायकअण्णा, मेडिकलात मिळतंय काय?

विनायक (१०४, मेडिकल): नाही. गणपत गल्लीत फिरा नाहीतर हुबळीला जा, कुठल्याच मेडिकलात मिळणार नाही. औषध अजून ट्रायलमध्ये आहे. फोटो मोठा करून बघा की, लेबलखाली बारीक अक्षरात 'फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही' असं छापलंय. बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. साधी तापाची गोळीसुद्धा अशी आली तर आम्ही परत पाठवतो.

डॉ. शुभांगी (४०२): जेवण आतड्यात उतरलं की जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ते मेंदूला 'पुरे' म्हणून कळवतं आणि जठर सावकाश रिकामं करतं. शरीरातलं हे हार्मोन दोन-तीन मिनिटांत मोडतं. औषधात रेणू असा बदललेला असतो की तो आठवडाभर टिकतो. सेमाग्लुटाइड हे औषध या एकाच हार्मोनची नक्कल करतं, टिर्झेपाटाइड हे दुसरं औषध जीआयपी हे आतड्यातलं आणखी एक हार्मोन धरून दोघांची. रेटाट्रुटाइडमध्ये तिसरं ग्लुकागॉन आहे, त्यानं शरीर ऊर्जाही जास्त जाळतं. पण त्याच्या अभ्यासात नाडीचे ठोकेही वाढलेले दिसले.

प्रशांत (३०२): पण २४ टक्के वजन उतरतं म्हणतात ते?

डॉ. शुभांगी (४०२): खरं आहे. २०२३ मध्ये ३३८ जणांचा अभ्यास छापून आला. १२ मिलिग्रॅमच्या गटात ४८ आठवड्यांत सरासरी २४.२ टक्के. औषधाला कोण नावं ठेवतंय? ते आकडे कंपनीच्या मोजलेल्या औषधाचे, डोस पायरी-पायरीनं चढवलेला, तपासण्या चालू असताना. तुमच्या फोटोतल्या कुपीत तेच आहे, तेवढंच आहे आणि जंतूविरहित आहे, हे कुणी तपासलं? पावडर पाण्यात स्वच्छ विरघळली म्हणून काही सिद्ध होत नाही. मीठही स्वच्छ विरघळतं.

सिस्टर लतामावशी (२०१): डॉक्टरताई बोलल्या त्यात हाताचं काम घालते. खरा घोळ तिथं होतो.
फोटोसोबत लिहिलंय, २ मिली पाणी घाला आणि ४० युनिट घ्या. १० मिलिग्रॅम २ मिलीत म्हणजे १ मिलीला ५ मिलिग्रॅम. नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिली, म्हणून ४० ची रेघ ०.४ मिली, औषध २ मिलिग्रॅम. इथपर्यंत बरोबर.
पण आपल्याकडे घराघरात इन्सुलिनची लाल टोपणाची सिरिंज असते. तिच्यावर ४० युनिट म्हणजेच अख्खा १ मिली. त्याच रेघेवर भरलं की ५ मिलिग्रॅम गेलं, अडीचपट! आणि कुणी २ ऐवजी १ मिलीच पाणी घातलं तर नारिंगी सिरिंजनंही दुप्पट जातं. उलटी संध्याकाळी थांबेल म्हणाल, तर हे औषध निम्मं व्हायलाच सहा-एक दिवस लागतात. काढून घ्यायची सोय नाही.
पाण्याचंही तसंच. इंजेक्शनचं साधं स्टेराइल वॉटर एकदा फोडलं की तेवढ्यापुरतं. त्यात जंतू रोखणारं काही नसतं. त्यात कालवलेली कुपी चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवून रबरातनं दरवेळी सुई घालायची, म्हणजे पोटावर गळू यायला वाट केली.

सदाशिवअण्णा, सेक्रेटरी: मध्येच सांगतो, ११ ते १ करंट नाही, टाकी आत्ताच भरून घ्या. चालू द्या तुमचं.

सुमनकाकू (२०३): मग वजनामुळं गुडघेदुखीनं बेजार माणसानं करायचं काय? सगळंच वाईट काय ओ?

डॉ. शुभांगी (४०२): नाही काकू. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ पासून आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ पासून आपल्या देशात रीतसर मिळतंय, चिठ्ठीवर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि जोडीला बीपी, शुगर असं काही, तेव्हा विचार करायचा. टिर्झेपाटाइड २.५ मिलिग्रॅमनं सुरू, चार आठवड्यांनी ५. सेमाग्लुटाइड ०.२५ नं. सुरुवातीचा डोस वजनासाठी नसतो, पोटाला सवय लागावी म्हणून असतो. घाई करणारे जास्त ओकतात.
घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर नाही. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर आधी सांगायचं. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी बंद. टिर्झेपाटाइड सुरू करताना आणि दरवेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्याला सांगाच, उपाशी राहूनही जठर रिकामं असेलच असं नाही.

विनायक (१०४, मेडिकल): शुगरची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम खाली येऊ शकते, त्यांचा डोस आधी बघून घ्यावा लागतो. इंजेक्शनचं पेन २ ते ८ डिग्रीत, फ्रीजरला चिकटवून नको. गोठलं तर फेकायचं, वितळवून चालत नाही.

सुमनकाकू (२०३): आणि जेवण?

सिस्टर लतामावशी (२०१): ताट लहान करा. अर्धी भाकरी, पण उसळ, अंडं, ताक आधी. भूक नाही म्हणून नुसत्या चहावर राहिलं की चरबीबरोबर मांसही झडतं, मग जिना चढताना पाय थरथरतात. तळलेलं जठरात तासन्‌तास बसतं. गोडाला कुंदा एक चमचा, डबा समोर घेऊन नाही.

प्रशांत (३०२): तो जिमवाला म्हणतोय, ट्रायलमध्येच नाव घालतो, १५ हजार भरा.

डॉ. शुभांगी (४०२): मग ती ट्रायल नाही. ट्रायलमध्ये औषधाचे पैसे घेत नाहीत. संमतीपत्र तुम्हाला कळेल त्या भाषेत असतं, इजा झाली तर उपचार त्यांच्या खर्चानं. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, तिच्यात प्रत्येक ट्रायल असावीच लागते. नोंदणी नंबर मागा त्याला.

प्रशांत (३०२): आणि कुणी आधीच घेतलं असेल तर?

डॉ. शुभांगी (४०२): पुढचा डोस नको. कुपी फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला लागते. पोटात वरच्या बाजूला कळ येऊन पाठीत जायलीय, पाणीसुद्धा ठरत नाही, लघवी कमी झालीय, तर रात्र काढू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

सदाशिवअण्णा, सेक्रेटरी: सुयांचं पण सांगा सिस्टर. सकाळी लिफ्टजवळच्या डब्यात सुटी सिरिंज सापडली. झाडणाऱ्या मावशींच्या हाताला लागली असती.

सिस्टर लतामावशी (२०१): जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायच्या, टोपण घट्ट. भरली की दवाखान्यात द्या. टोपण कुठल्या रंगाचं होतं अण्णा?

सदाशिवअण्णा, सेक्रेटरी: लाल.

सिस्टर लतामावशी (२०१): इन्सुलिनवाल्यांची असेल तर बाटलीचं तेवढं लक्षात ठेवा. दुसऱ्या कशाची असेल तर मला पर्सनलला टाका, नाव कुठं जाणार नाही. किती मिली पाणी घातलं होतं तेवढं लिहा.