‘रेप्लिकेशन स्ट्रेस’ला मराठीत काय म्हणावं : ताण, अडथळा की खोळंबा?

प्रश्न (पेशीजीवशास्त्राची शिक्षिका, नागपूर)
नमस्कार. बी.एस्सी.च्या मुलांसाठी मी मराठीत एक टिपण लिहिते आहे. विषय असा, की डीएनएच्या रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे त्याची नक्कल होताना, स्ट्रेस आला की जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा जनुकसंच, अस्थिर कसा होतो. वर्गातली बरीच मुलं गोंदिया-गडचिरोलीकडून मराठी माध्यमातून आलेली आहेत. ‘प्रतिकृतीकरणाचा ताण’ असं लिहिलं, तर एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, परीक्षेच्या टेन्शननं पण डीएनए तुटते का?’ तिनं शब्दाचा रोजचा अर्थ घेतला, आणि तो घेणारच. ‘रेप्लिकेशन फोर्क’साठी ‘काटा’ हा शब्दही मला खटकतो. जाणकारांनी सुचवावं.

अनुवादक, धरमपेठ
काटा सोडाच. जेवायचा काटा इंग्रजांचा, आपल्याकडे काटा पायात रुततो नाही तर घड्याळात फिरतो. एका वाटेच्या दोन होतात त्या जागेला मराठीत फाटा म्हणतात आणि विदर्भातल्या प्रत्येक एसटी प्रवाशाला तो माहीत आहे. डीएनएचे दोन धागे जिथे उलगडून वेगळे होतात तो ‘प्रतिकृती-फाटा’. फरक एवढाच, की हा फाटा जागेवर राहत नाही, पुढे सरकत जातो. ते एका वाक्यात सांगितलं की पुरे.

‘ताण’विषयी मात्र मला आधी हे समजून घ्यायचं आहे, की पेशीत नेमकं घडतं काय? त्याशिवाय शब्द सुचवणं म्हणजे अंदाज.

संशोधक विद्यार्थी
ताई, थोडक्यात सांगतो. माणसाच्या एका पेशीत ६०० कोटींहून जास्त बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या म्हणा) असतात आणि त्यांची नक्कल साधारण आठ तासांत करायची असते. एक फाटा मिनिटाला हजार-दोन हजार जोड्या एवढ्याच वेगानं सरकतो, म्हणून नक्कल हजारो आरंभस्थानांपासून सुरू होते. फाटा मंदावला किंवा थांबला की त्या अवस्थेला स्ट्रेस म्हणतात. कारणं अनेक आहेत : कच्चा माल, म्हणजे न्यूक्लिओटाइड, कमी पडणं, डीएनएवर झालेली इजा, त्याच पट्टीवर चाललेलं आरएनए बनवण्याचं काम फाट्याला समोरून भिडणं, आणि कर्कजनुकांनी, म्हणजे कर्करोगाकडे नेणाऱ्या जनुकांनी, पेशीला वेळेआधी, तयारीविना नक्कल करायला लावणं.

थांबल्यावर एक विचित्र गोष्ट होते. नक्कल करणारं विकर (एन्झाइम) थांबतं, पण धागे उलगडणारं विकर पुढे जात राहतं. मध्ये एकपदरी डीएनए उघडा पडतो. त्यावर आरपीए नावाचं प्रथिन बसतं, ते पाहून एटीआर हे विकर जागं होतं आणि चेक-१ या दुसऱ्या विकरामार्फत पेशीविभाजन रोखून धरतं. तेवढ्या अवधीत फाटा पुन्हा चालू झाला तर काही बिघडत नाही. नाही झाला तर तो कोसळतो, आणि डीएनएचे दोन्ही पदर तुटतात.

‘ताण’ला माझा आणखी एक आक्षेप आहे. फाट्याच्या पुढच्या डीएनएत उलगडण्यामुळे खराखुरा पीळ साठतो आणि तो टोपोआयसोमरेज नावाचं विकर सोडवतं. तिथे ‘पिळाचा ताण’ लिहावंच लागतं. एकाच पानावर ताण दोन अर्थांनी आला तर मुलं हमखास गोंधळतील.

निवृत्त मराठी शिक्षक, महाल
ही माहिती मिळाली म्हणून आता बोलता येतं. मराठीत थांबण्याची क्रियापदं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वाटेत काही आडवं आलं की माणूस अडतो. वाट मोकळी आहे, पण जे यायला हवं ते आलं नाही, तर तो खोळंबतो. सिमेंट आलं नाही म्हणून बांधकाम खोळंबतं, ते अडथळ्यामुळे नव्हे. आपल्या नागपुरात दोन्हींसाठी ‘अटकलं’ म्हणतात. तो शब्द बोलण्यात गोड आहे, पण इथे हवा तो भेद त्यात पुसला जातो.

तेव्हा इजा किंवा समोरासमोरची धडक असेल तिथे ‘फाटा अडला’, आणि न्यूक्लिओटाइड संपले तिथे ‘फाटा खोळंबला’. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद वापरत असतील तर आपण तेवढ्यावर थांबायचं कारण नाही.

संशोधक विद्यार्थी
गुरुजी, हा भेद प्रयोगशाळेतही खरा आहे. मायटोमायसिन-सी हे औषध डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये टाके घालतं, तिथे फाटा अडतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर बंद पाडतं, नवे न्यूक्लिओटाइड तयार होत नाहीत, तिथे फाटा खोळंबतो. आम्ही वर्षानुवर्षं दोन्हींना नुसतं ‘स्टॉल’ म्हणत आलो.

डॉक्टर
हायड्रॉक्सियुरियाचं नाव निघालं म्हणून लिहिते आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येनं आहेत आणि त्यातले कित्येक रोज हेच औषध घेतात. गर्भातल्या बाळाच्या रक्तात असतं तसलं हिमोग्लोबिन त्यानं रुग्णाच्या रक्तात वाढतं, लाल पेशी विळ्यासारख्या वाकणं कमी होतं, वेदनेचे झटके कमी येतात. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. मॅडम, तुमच्या वर्गातही अशा घरची मुलं असतील. टिपणात ‘हायड्रॉक्सियुरियामुळे डीएनए तुटतो’ एवढंच वाक्य गेलं तर एखादा मुलगा घरी जाऊन आईची कॅप्सूल बंद करायला लावेल. प्रयोगशाळेत फाटे पुरते थांबवायला जी मात्रा वापरतात ती रुग्णाच्या रक्तातल्या पातळीपेक्षा बरीच जास्त असते, आणि सिकलसेलच्या रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात या औषधामुळे कर्करोग वाढल्याचं स्पष्ट दिसलेलं नाही. हे त्याच परिच्छेदात लिहा, तळटीप म्हणून नको. शिवाय ‘खोळंबला’ या शब्दात पुन्हा सुरू होण्याची शक्यता आहे, ‘तुटला’मध्ये ती नाही. औषधाच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे.

प्रश्नकर्ती
डॉक्टर, मनापासून आभार. हे मी लिहिणारच. आता ‘इन्स्टॅबिलिटी’ राहिली. ‘अस्थिरता’ म्हटलं की मुलांना काहीतरी डुगडुगतंय असं वाटतं.

अनुवादक, धरमपेठ
‘अस्थिरता’ ठेवायला हरकत नसावी, सरकार अस्थिर असतं तेव्हा कुठे डुगडुगतं? पण उत्परिवर्तनापासून ती वेगळी दाखवा. उत्परिवर्तन म्हणजे झालेला एक बदल. अस्थिरता म्हणजे पिढीमागून पिढी बदल साचत जाण्याची प्रवृत्ती, वाढलेला दर. ‘अस्थिरता झाली’ असं लिहू नका, ‘अस्थिरता वाढली’ लिहा.

आणि ‘फ्रॅजाइल साइट’ला कोशातला ‘भंगुर’ नको, ‘ठिसूळ जागा’ म्हणा.

संशोधक विद्यार्थी
ठिसूळ अगदी चपखल. १९८४ मध्ये अफिडिकोलिन हे नक्कल मंदावणारं द्रव्य अगदी कमी मात्रेत देऊन पाहिलं, तेव्हा गुणसूत्रं वाटेल तिथे न तुटता ठरावीक जागी तुटताना दिसली. त्यातली सर्वांत प्रसिद्ध जागा तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, एफआरए३बी. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वंशाच्या पेशींत तिथल्या सुमारे ७ लाख जोड्यांच्या पट्ट्यात आरंभस्थानं जवळपास नसतातच. दोन्ही कडांनी निघालेल्या फाट्यांनाच सगळं अंतर कापावं लागतं. मिनिटाला दीड हजारांचा वेग धरला तरी जवळजवळ चार तास लागतात, आणि त्या भागाची नक्कल मुळात उशिरा सुरू होते. त्यात फाटा खोळंबला तर मदतीला कोणी नाही, कारण नक्कल सुरू झाल्यावर पेशी नव्या आरंभस्थानांना परवाना देत नाही. मग अर्धवट नक्कल घेऊनच पेशी सूत्री विभाजनात, म्हणजे एकीच्या दोन होण्याच्या टप्प्यात, शिरते. जुळी गुणसूत्रं त्या जागी चिकटलेली राहतात, ओढली जाताना तुटतात, एखादा तुकडा केंद्रकाबाहेर पडून त्याचं सूक्ष्मकेंद्रक होतं. पुढच्या पिढीतल्या पेशींना कमी-जास्त डीएनए मिळतो. अस्थिरता वाढली ती इथे.

२००५ मध्ये कर्करोगपूर्व गाठींत डीएनएच्या इजेला दिलेला प्रतिसाद आधीच जागा झालेला आढळला. म्हणजे हा खोळंबा कर्करोगाच्या अगदी सुरुवातीपासून असतो. टिपणात याला जागा द्याच, मॅडम.

निवृत्त मराठी शिक्षक, महाल
एक सुचवतो. ‘ताण’ पूर्ण टाकू नका, मुलांना पुढे विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत तोच भेटेल. अवस्थेचं नाव म्हणून तो एकदा सांगा, आणि घटना सांगताना क्रियापदं वापरा. डॉ. रघुवीर नागपुरात राहून परिभाषा घडवत होते, त्यांच्या पद्धतीत नामं उदंड झाली. क्रियापदांकडे आपणच लक्ष द्यायला हवं. विज्ञान घडतं ते क्रियापदांत.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचं ऐकून परिच्छेद असा केला आहे :

‘प्रतिकृती-फाटा इजेपाशी अडतो किंवा न्यूक्लिओटाइडअभावी खोळंबतो. या अवस्थेला प्रतिकृतीकरणाचा ताण म्हणतात. मनाच्या ताणाशी त्याचा संबंध नाही. एटीआर विभाजन रोखून वेळ मिळवून देतं. तेवढ्या वेळात फाटा पुन्हा चालू झाला नाही तर कोसळतो आणि डीएनए तुटतो, विशेषतः ठिसूळ जागी. अशा पेशी विभाजित होत राहिल्या की जनुकसंचाची अस्थिरता वाढते.’

याच्या लगेच खाली हायड्रॉक्सियुरियाविषयी डॉक्टरांनी सांगितलेलं येईल. ‘रोखून’ हा शब्द एटीआरसाठी योग्य आहे का, की ‘थोपवून’ हवं?

निवृत्त मराठी शिक्षक, महाल
थोपवून. थोपवलेलं पुढे सोडायचं असतं.