मदत हवी आहे: वापरलेले सर्फबोर्ड लिटल अंदमानच्या मुलांपर्यंत कसे पोचवावेत?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे (मोरजी, गोवा) चार सर्फबोर्ड पडून आहेत. ते हट बेला पाठवायचे आहेत. हट बे म्हणजे लिटल अंदमानचं बंदर, पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) दक्षिणेला साधारण १२० किलोमीटरवर. तिथल्या बटलर बेला एप्रिल २०२५ मध्ये सर्फिंगची राष्ट्रीय स्पर्धा झाली, त्यामुळे काहींनी नाव ऐकलं असेल.

आम्ही गेलो होतो तेव्हा पाच-सहा पोरं एकाच बोर्डावर पाळीपाळीने जात होती. बोर्डाच्या शेपटीला चिकटपट्टी, आणि लीशच्या (बोर्ड पायाला बांधायच्या लवचीक दोरीच्या) जागी नायलॉनची दोरी. बंगाली, तमिळ, रांचीकडची, निकोबारी अशी सगळी सरमिसळ, आणि लाटेचा अंदाज आमच्यापेक्षा कितीतरी पक्का. अडतं ते बोर्डापाशी. नवे बोर्ड बहुतेक बाहेरून आलेले, त्यात बेटापर्यंतचं भाडं.

तर सामान असं:
एक आठ फुटी फोम बोर्ड, थोडा उन्हाने विटलेला. एक पाच फूट आठ इंची फोम बोर्ड, मुलीचा, आता तिला लहान होतो. एक सात फुटी इपॉक्सी बोर्ड, कडेला खोक पडलेली. आणि नवऱ्याचा सहा फुटी शॉर्टबोर्ड, पिवळा पडलाय पण त्याचा जीव त्यात अडकलाय, तेव्हा तो निघेल तेव्हा खरा. शिवाय जुने लीश, फिनचे (बोर्डाखालच्या पात्यांचे) दोन संच, रॅश गार्ड (पाण्यात घालायचे घट्ट टी-शर्ट) बरेच. सिडनीच्या भावाने एक वेटसूटही (थंड पाण्यात घालायचा उबदार पोशाख) दिला आहे. तो म्हणतो, त्याच्या ओळखीतले लोक आणखी आठ-दहा बोर्ड द्यायला तयार आहेत.

यातलं काय खरंच उपयोगाचं आहे? गोव्याहून हट बेपर्यंत न्यायचं कसं? आणि द्यायचं कोणाच्या हातात? एकाच मुलाच्या घरी चारही बोर्ड जाऊन बसावेत असं नको आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खारावारा:
धागा आवडला. आधी काय पाठवू नये ते सांगतो.

जुने लीश अजिबात नको. त्या दोरीचं युरेथेन उन्हाने आणि मिठाने कडक होतं, बाहेरून धडधाकट दिसतं आणि मोठ्या लाटेत तुटतं. मग पोरगं एकीकडे, बोर्ड दुसरीकडे, आणि तो बोर्ड आणखी कोणाच्या तरी डोक्यात. लीश नवेच घ्या. ती नायलॉनची दोरी लीशइतकी ताणत नाही, जोराचा हिसका बसतो, ती तर आधी बंद करायला हवी. वेटसूटही नको. अंदमानचं पाणी वर्षभर २७-२८ अंशांच्या आसपास असतं, त्यात पोरं उकडून निघतील. रॅश गार्ड मात्र सगळे द्या.

दोन्ही फोम बोर्ड म्हणजे सोनं. बटलर बेला तळाला वाळू आहे, नवशिक्यांना तेच हवेत. सात फुटीची खोक आधी नीट करून पाठवा. बाजारात मिळणारं पॉलिएस्टर रेझिन त्याला लावू नका, आतला पांढरा थर्माकोलसारखा फोम विरघळून पोकळ होईल. इपॉक्सी रेझिनच वापरा, ते इपॉक्सी आणि पॉलिएस्टर दोन्ही जातींच्या बोर्डांना चालतं. आणि त्याआधी बोर्ड पूर्ण सुकवा. खोकेतून पाणी आत गेलं असेल तर खोक खाली येईल असा सावलीत उभा ठेवा. ठिबकणं थांबल्यावरही आणखी काही दिवस जाऊ द्या. ओल्यावर बुजवला तर पाणी आत कोंडतं आणि वरचा थर सुटू लागतो.

साहेबांचा शॉर्टबोर्ड शिकाऊ पोराच्या काही कामाचा नाही, पण दोघं-तिघं पुढे गेलेली असतील तर त्यांना हवाच असेल. ;)

बंदरावरचा:
मी कामानिमित्त पोर्ट ब्लेअरला राहिलो आहे. पोस्टाच्या पार्सलात सहा फुटी वस्तू बसत नाही, ते विसरा. विमानाने नेता येतं, पण लांबीची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी आणि काउंटरवरच्या माणसाच्या मूडवरही असतं. आधी लेखी विचारा, उत्तराची प्रिंट जवळ ठेवा. आमचा एक बोर्ड 'चालेल' म्हणून नेला आणि नाक तुटून परत आला.

स्वस्त रस्ता समुद्राचा. बोर्ड चेन्नईपर्यंत ट्रान्सपोर्टने, तिथून पोर्ट ब्लेअरला माल नेणारे एजंट आहेत. प्रवासी जहाजही जातं, तीनेक दिवस लागतात. पुढे पोर्ट ब्लेअर ते हट बे सरकारी बोट, सहा ते आठ तास. हवामान बिघडलं की बोट रद्द, तेव्हा मे संपायच्या आत सामान पोचलं पाहिजे. शिवाय पावसाळ्याआधीच्या महिन्यांत तिथे सर्फिंगचा हंगाम असतो, म्हणजे फेब्रुवारीत निघालेलं बरं.

बांधताना फिन काढा आणि वॅक्स (पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावलेलं मेण) पूर्ण खरवडा, नाहीतर उन्हात वितळून सगळ्याला फासलं जाईल. कडांना एसीच्या पाइपवरची काळी फोमची नळी चिरून बसवा, नाक आणि शेपटीला पुठ्ठ्याचे तीन-चार थर, मग बबल रॅप. उरलेलं रेझिन आणि हार्डनर विमानाच्या सामानात टाकू नका, धोकादायक माल म्हणून काढून घेतात.

सिडनीकर:
भावाला सांगा, तिकडचे आठ-दहा बोर्ड कंटेनरने पाठवायच्या फंदात पडू नको. भारतात यंत्रसामग्री सोडून बाकी सेकंड-हँड माल आणायला परवाना लागतो, कस्टममध्ये अडकला की गोदामभाडं बोर्डांच्या किमतीच्या वर जातं. शिवाय भाऊ तिथला नागरिक झाला असेल आणि बोर्ड एखाद्या संस्थेला देणार असेल, तर वस्तूरूपातली देणगीही परदेशी देणगी धरली जाऊ शकते. संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी आहे का ते आधी विचारा. त्यापेक्षा तिकडचे बोर्ड तिकडेच विकावेत आणि येताना त्याने नवे लीश, फिन आणि वॅक्स सामानातून आणावं. वॅक्स उष्ण पाण्याचं, 'ट्रॉपिकल' लिहिलेलं. थंड पाण्याचं तिथे लोण्यासारखं घसरेल.

चिंचपोकळीकर:
राग मानू नका, पण बेटावर दवाखाना, शाळा यांची आबाळ असताना सर्फबोर्ड? देणाऱ्याचं समाधान होतं एवढंच.

खारावारा:
प्रश्न रास्त आहे. केरळच्या कोवळमला एका सामाजिक संस्थेने २००५ पासून सर्फ क्लब चालवला आहे. नियम एकच: शाळा नाही तर सर्फिंग नाही. बोर्ड क्लबचे, मुलाच्या मालकीचे नाहीत. हजेरी असेल तर बोर्ड हातात. ताई, 'कोणाच्या हातात द्यायचं' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. हट बेला शाळेचे पीटी सर किंवा स्थानिक प्रशिक्षक शोधा, बोर्डांवर नंबर घाला, एक वही ठेवा.

बंदरावरचा:
एक महत्त्वाचं राहिलं. बेटाचा मोठा भाग ऑंगे या तिथल्या आदिवासी जमातीसाठी राखीव आहे, १९५६ च्या नियमानुसार तिथे बाहेरच्यांना जायला बंदी आहे. 'आदिवासी मुलांना बोर्ड देऊ' असं म्हणत कोणी उत्साहाने तिकडे वळू नका. आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, ओढ्याच्या तोंडाशी मुलांना उतरवू नये. स्थानिकांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, त्यांचंच ऐका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. चिंचपोकळीकर, राग नाही आला. दवाखाना माझ्या हातात नाही, बोर्ड आहेत.

आता ठरलं ते असं: दोन्ही फोम बोर्ड आणि इपॉक्सीवाला (दुरुस्त करून) जाईल, रॅश गार्ड जातील. वेटसूट इथेच कोणाला तरी देते, जुने लीश कापून सामान बांधायला वापरते. भावाला कंटेनर नको म्हणून कळवलं, तो डिसेंबरात येताना सहा नवे लीश आणेल. शॉर्टबोर्डावर घरात चर्चा चालू आहे.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. हट बेच्या शाळेत कोणाची ओळख असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा, फोन नंबर इथे उघड टाकू नका. आणि चेन्नईत जहाजाची तारीख मिळेपर्यंत आठवडाभर तीन बोर्ड कोणाकडे ठेवता येतील का? सर्वांत मोठा आठ फूट आहे, भिंतीला आडवा लागतो, फक्त गच्चीत किंवा उन्हातल्या गाडीत नको. ट्रान्सपोर्टवाल्याकडून उचलायला मीच कोणाला तरी पाठवेन.