काउंटरवरच्या विद्यार्थ्यांनी कायदा सांगावा की नुसतं पुस्तक द्यावं?

ग्रंथपाल_फोंडा:
नमस्कार. आमच्या लॉ कॉलेजच्या लायब्ररीत संध्याकाळचं काउंटर विद्यार्थीच सांभाळतात. इश्यू-रिटर्न, एआयआर आणि एससीसी या निकालसंग्रहांचे खंड जागेवर लावणं, सगळं मन लावून करतात. अडचण येते ती बाहेरची माणसं आली की. परवा एक मावशी आल्या. पिशवीत पोर्तुगीज काळातले कागद, घरावरून दिरांशी वाद. "पुता, म्हजो वांटो कितलो?" चौथ्या वर्षाच्या आमच्या मुलानं १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडचं भाषांतर काढलं आणि वाटे कसे पडतील ते चक्क कागदावर लिहून दिलं. नवरा कधी वारला हे मात्र त्यानं विचारलंच नाही. वारसाहक्क आणि इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची कोर्टातली प्रक्रिया) यांसाठी गोव्याचा २०१२ चा कायदा २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे मृत्यूच्या तारखेवर सगळं अवलंबून. मावशी तो कागद घडी घालून घेऊन गेल्या, याची मला फार काळजी वाटते. पण "तोंड उघडू नका" असं सांगितलं तर मुलं मुकी बसतील, तेही मला नको. तुम्ही मर्यादा कुठे घालता?

मडगावकर_लायब्ररी:
ताई, आमच्याकडे कायदा शोधून पान उघडून द्यायचं, आलेल्या माणसाच्या प्रकरणाला तो कसा लागतो ते बोलायचं नाही. टर्मच्या सुरुवातीला मुलांना समोरासमोर बसवून सराव करून घेतो, एक जण अशील होतो, एक काउंटरवर. नुसती सूचना लावून काही होत नाही. आणि रिकाम्या हातानं कुणाला पाठवू नका. कॉलेजच्या लीगल एड सेलची वेळ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता छापून काउंटरवर ठेवा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे त्या मावशींना कुणीतरी सांगायला हवं होतं.

वकील_म्हापसा:
मी शिकताना तीन वर्षं हेच काम केलंय. आमच्या मॅडमनी एकच सवय लावली, पुस्तक काढण्याआधी "कधी घडलं?" हे विचारायचं. आज तर ते जास्तच लागतं. कुणी खुनाचं कलम ३०२ मागितलं की मुलं सरळ नव्या न्याय संहितेचं १०३ काढून देतात. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुनी दंडसंहिताच लागते. म्हणून जुने बेअर ॲक्ट (कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराची पुस्तकं) रद्दीत काढू नका, कळकळीची विनंती.

ग्रंथपाल_फोंडा:
दोघांचेही आभार. सराव याच आठवड्यात सुरू करते. त्या मुलाला काउंटरवरून काढणार नाही, उलट पहिल्या सरावात अशील त्यालाच करीन.

वकील_म्हापसा:
छान. आणखी एक, सरावात हेही घ्या. कोणी काय वाचायला नेलं ते काउंटरवर बसणाऱ्याला दिसतं. आमच्या वेळी एका प्राध्यापकांनी घटस्फोटावरची पुस्तकं नेली आणि दुपारपर्यंत कँटीनमध्ये चर्चा. गोवा केवढासा, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. मुलांना कामावर घेतानाच हे लेखी सांगा, आणि कामाची गरज संपली की जुन्या इश्यूच्या नोंदी त्यांच्या लॉगिनला दिसणार नाहीत अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करून घ्या.