जंगलातल्या रस्त्याकडेला फुकट तंबू : ठाणे-नवी मुंबईपासून कुठे जमेल?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. कासारवडवलीत राहतो. मी, बायको आणि सातवीतला मुलगा, गाडी जुनी वॅगनआर. पवना आणि कर्जतकडचे कॅम्प करून झाले. माणशी पैसे मोजायचे, मध्यरात्रीपर्यंत स्पीकर, आणि शेजारच्या तंबूत कुणाचा तरी वाढदिवस असतोच. आता ते नको झालंय. मुलगा अमेरिकेतले व्हिडिओ बघतो: डोंगरातला कच्चा रस्ता, झाडाखाली गाडी, बाजूला तंबू, ना बुकिंग ना पैसे. तसं आपल्याकडे तीन-चार तासांच्या अंतरात कुठे करता येईल? संडास, नळ, वीज काही नको, सगळं सोबत नेऊ. डिसेंबरात जायचं आहे. येऊर हाकेच्या अंतरावर आहे, तिथे आत कुठे जमतं का? कृपया नेमक्या जागा सांगा. 'सह्याद्री अफाट आहे' हे माहीत आहे.

उपवनकाठ
येऊर डोक्यातून काढा. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. रात्री मुक्काम सोडाच, अंधार पडल्यावर नुसते फिरताना दिसलात तरी हटकतील. बिबटे आहेत आणि त्यांची वेळ तीच आहे.

बेलापूरचा पक्षीवाला
त्याच यादीत तुंगारेश्वर, तानसा, कर्नाळा, फणसाड, भीमाशंकर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं धरा. म्हणजे 'जंगल' म्हटल्यावर आपल्याला आठवतं त्यातलं निम्मंअधिक गेलं. रतनवाडी, साम्रद, घाटघर हा भंडारदऱ्याचा सगळा पट्टाही अभयारण्याला लागून किंवा त्याच्या आतच आहे. तिथे जे तंबू दिसतात ते गावकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीवर लावलेले असतात आणि त्याचे पैसे पडतात.

बिनधास्त_ऐरोली
एवढं काय घाबरता? आम्ही मित्र माळशेजच्या वाटेवर कुठेही गाडी लावून तंबू टाकतो. कुणी विचारत नाही. सकाळी सहाला गुंडाळायचं आणि सुटायचं.

वाशीतला वकील
'कुणी विचारलं नाही' आणि 'चालतं' यात फरक आहे. मोजकं सांगतो, कारण दर हिवाळ्यात हा प्रश्न येतोच. राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि बंदीच्या काळात विस्तव पेटवणं, नेणं हे भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हे आहेत. अभयारण्यात त्याहून कडक. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे आत जायलाच कलम 28 चा परवाना लागतो. पर्यटनासाठी तो मिळतो, पण त्यातल्या अटींवर, आणि रात्री मनाला येईल तिथे झोपणं ही काही त्यातली अट नाही. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला कलम 30 ची मनाई आहे.

आणखी एक खास आपल्या ठाणे-रायगडकडची भानगड. कुणी शेतकरी प्रामाणिकपणे 'माझी जमीन आहे, टाका तंबू' म्हणाला तरी ती कागदोपत्री खाजगी वन असू शकते. अशी वनं सरकारजमा करणारा 1975 चा खाजगी वने संपादन कायदा ठाणेकरांना सांगायला नको, मुलुंड-ठाण्यातल्या कित्येक सोसायट्यांनी वर्षानुवर्षं त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. सातबारा ऑनलाइन दिसतो. गट नंबर विचारून एकदा बघून घ्या, इतर हक्कांचा रकाना सोडू नका.

डेन्व्हरची नौपाडकर
मी मूळची नौपाड्यातली, सध्या कोलोरॅडोत. मुलाने पाहिलं ते खरं आहे, पण त्यामागची व्यवस्था व्हिडिओत दिसत नाही. तो मुक्काम बहुतेक वेळा नॅशनल फॉरेस्टमध्ये असतो, नॅशनल पार्कमध्ये नाही. पार्कात ठरलेल्याच जागी, परवाना किंवा बुकिंग घेऊन राहायचं. फॉरेस्टची सेवा चक्क शेती खात्याखाली येते. अशी 154 फॉरेस्ट आहेत, मिळून 19 कोटी एकरांच्या वर. बऱ्याच भागांत रस्त्याकडेला फुकट राहता येतं, साधारणपणे एका जागी 14 दिवसांपर्यंत.

पण म्हणून वाटेल तिथे नाही हो. प्रत्येक फॉरेस्ट गाड्यांसाठी एक फुकट नकाशा काढतं. कुठल्या कच्च्या रस्त्यावर गाडी चालेल आणि मुक्कामासाठी कडेपासून किती आत नेता येईल ते त्यात असतं. रस्ता डोळ्यांसमोर आहे पण नकाशात नाही, तर तो बंद समजायचा. पाण्यापासून 200 फूट लांब. आधीच्या लोकांनी तुडवून टणक झालेल्या जागीच तंबू, नवी हिरवळ मोडायची नाही. संडासाला सहा ते आठ इंच खड्डा, आणि कागद शक्यतो पिशवीत बांधून परत. उन्हाळ्यात आगबंदी जाहीर झाली की शेकोटी नाही. अस्वलं असतात, म्हणून खाणंच काय, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवत नाहीत. उंचावरचे रस्ते तर बर्फामुळे जूनपर्यंत बंद असतात. आणि शहराजवळच्या काही रस्त्यांवर इतकी गर्दी झाली की आता नंबर ठोकलेल्या जागांवरच राहू देतात. म्हणजे शेजारी तिथेही आलेच!

घोडबंदरकर
सर्वांचे आभार. म्हणजे आपल्याकडे हे जवळजवळ अशक्यच असं समजू का? मुलाला काय सांगू?

मुरबाडचा मास्तर
घोडबंदरकर, अशक्य नाही. फक्त तुम्ही जागा शोधताय, आणि आमच्याकडे आधी माणूस शोधावा लागतो.

तिकडे मैलोन्‌मैल वस्ती नसेल. इथे तुम्हाला जे मोकळं रान वाटतं ते कुणाचं तरी असतंच. वनखात्याचं राखीव वन, महसूलचं गायरान, पाटबंधारेची धरणाकाठची जमीन, नाहीतर कुणाचं वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी शेतजमीन. ज्या माळावर तुम्हाला चांदण्या दिसतात तिथून सकाळी ठाकरांची गुरं जातात, आणि ज्या झऱ्यावर तुम्ही भांडी घासाल तोच खालच्या पाड्याचा पाणवठा असतो. रात्री अनोळखी गाडी उभी दिसली की पाड्यावरचे लोकही धास्तावतात. चोरटी लाकूडतोड, शिकार, दारू, कायकाय येतं त्या रस्त्यांनी. बॅटऱ्या घेऊन चार माणसं तुमच्या तंबूपाशी आली तर त्यांची काही चूक नाही.

म्हणून रीत अशी. दिवसाउजेडी, चारच्या आत गावात पोचायचं. पहिलं घर दिसेल तिथे 'राम राम' करून सांगायचं, की ठाण्याहून आलोय, एक रात्र तंबू लावायचाय, तुमच्या शेतात लावू का. नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. बहुधा तोच म्हणतो, तंबू कशाला, पडवीत झोपा. मग पोलीस पाटलाच्या कानावर घालायचं, की गावाला कळतं आणि तुम्हीही निवांत. जागेचे पैसे घेणार नाहीत, पण जेवण त्याच घरी सांगा आणि त्याचे नीट पैसे द्या, हातात द्या, घासाघीस न करता. बिस्किटाचे पुडे आणि जुने कपडे वाटत फिरू नका, प्लीज.

डिसेंबर तुम्ही अचूक निवडलाय. भात कापून झालेलं असतं, खाचरं मोकळी. एवढी सपाट जमीन डोंगरात एरवी मिळत नाही. धसकटं मात्र टोचतात, म्हणून तंबूखाली जाड ताडपत्री किंवा जुनं बॅनर घाला, नाहीतर तळ फाटलाच. काही खाचरांत वाल टाकलेला असतो, तिथे पाय नको.

जागा म्हणाल तर पहिली पसंती वाल्हिवरे-बेलपाडा. कल्याण-मुरबाड-सरळगावमार्गे माळशेजच्या रस्त्याने मोरोशीकडे यायचं आणि घाट चढायच्या आधी महामार्ग सोडून आत. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारे इथेच मुक्कामाला असतात, त्यामुळे गावाला पाठीवर सॅक असलेल्या माणसांची सवय आहे. लोक कोकणकडा वरून बघायला धडपडतात. मला विचाराल तर तो खालूनच बघावा, सकाळी सातला, चहाचा कप हातात घेऊन. समोर ती अख्खी वाकलेली भिंत उभी असते. वरचं जंगल अभयारण्यात येतं, तिकडे रात्री चढायचं नाही. गावालगतच्या खाचरात राहायचं.

दुसरी देहरी, गोरखगडाच्या पायथ्याला, मुरबाडहून म्हसामार्गे. मुलगा सातवीत आहे तर सकाळी गोरखगडही होईल, पण वरच्या पायऱ्या उभ्या आहेत, त्याचा हात धरा. तिसरी शहापूरकडे डोळखांबमार्गे डेहणे, आजोबाच्या डोंगराखाली. तिथे फार कुणी येत नाही, सोयही कमी.

हद्द ओळखायला सोपं आहे. रस्त्याकडेला पाटीवर 'राखीव वन' आणि खाली कक्ष क्रमांक दिसला की ते खात्याचं. तिथे थांबायचं असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. कधीकधी ते स्वतःच जवळच्या वन समितीच्या निसर्ग पर्यटनाच्या जागेकडे पाठवतात. थोडं शुल्क असतं आणि पैसे गावात राहतात.

बिनधास्त_ऐरोली
मास्तर, शेकोटीचं काय? शेकोटीशिवाय कसला कॅम्प?

मुरबाडचा मास्तर
शेतकऱ्याच्या खळ्यावर, तो सोबत बसला असेल तर, त्याच्याच लाकडांची. जंगलाच्या कडेला नाही. दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं आणि एक ठिणगी वाऱ्यावर गेली की डोंगर पेटतो. वणव्यात पहिली जळतात ती दोन-तीन वर्षांची रोपं, मग गुरांचा चारा. शिवाय कातळाखाली, आंब्याच्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर धुराने उठतं. त्यांच्यापुढे बिबट्या परवडला.

बेलापूरचा पक्षीवाला
बिबट्यावरून आठवलं. 'आजोबा' नावाचा बिबट्या माळशेजला सोडला होता, गळ्यात जीपीएस कॉलर घालून. 2009 मध्ये तो सुमारे 120 किलोमीटर चालून तुमच्याच घोडबंदर रोडलगतच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. मुलाला हे सांगा. तुम्ही गाडीने जाणार त्याच्या उलट दिशेने तो चालत आला. एवढा प्रवास करून त्याने वाटेत माणसांना हात लावला नाही. तरी रात्री मुलाला एकट्याला लघवीला पाठवू नका, आणि उरलेलं खाणं, हाडकं बाहेर ठेवू नका. त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो.

कोपरखैरण्याची सुमेधा
कुणी बायकोचा विचार केलाय का? मी नवऱ्याबरोबर आणि मैत्रिणींबरोबर असे मुक्काम करते म्हणून सांगते. डेन्व्हरच्या ताईंनी सांगितलेला खड्डा इथेही तसाच खणायचा, एक छोटी खुरपी बॅगेत ठेवा. विहीर-ओढ्यापासून लांब, आणि उजाडायच्या आत, कारण गावात पाचलाच जाग येते. पॅड परत घरी आणायचे, वेगळ्या डब्यात. ज्या घरी जेवाल तिथल्या मावशींशी आधी बोलून ठेवलं तर संडास असेल तर त्या आपणहून दाखवतात. मला ते कुठल्याही तंबूपेक्षा मोलाचं वाटतं.

पाण्याचं मास्तरांनी लिहिलं नाही. डिसेंबरात विहिरीला पाणी असतं, तरी विचारून घ्या आणि वीस लिटरचा कॅन घरून भरून न्या. ज्या शहापूरातून मुंबईला भातसा-तानसाचं पाणी जातं तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मार्चनंतर तर त्यांच्या विहिरीकडे बघूच नये.

उपवनकाठ
सापांचं कुणी बोललं नाही. कापलेल्या भाताच्या शेतात उंदीर, म्हणून घोणस. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. तंबूची चेन कायम बंद, बूट आत, बाहेर पाऊल टाकताना टॉर्च. चावलाच तर गावठी उपाय, चिरा, घट्ट पट्टी यात वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय, आणि 108 ला फोन. रेंज कुठल्या टेकाडावर येते हे संध्याकाळीच विचारून ठेवा.

डेन्व्हरची नौपाडकर
आणि थंडी वाजली म्हणून तंबूत शेगडी किंवा निखारे नेऊ नका, गाडीत झोपलात तर इंजिन चालू ठेवून काचा लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इथे दर हिवाळ्यात हीच सूचना फिरत असते.

घोडबंदरकर
मंडळी, बेलपाडा नक्की करतोय. बायकोने सुमेधाताईंचा प्रतिसाद वाचून होकार दिला, त्याआधी नुसतं 'बघू' चाललं होतं. दोन प्रश्न राहिले. साधा, एका पदराचा तंबू चालेल का? आणि मास्तर, जेवणाचं आधी कळवायला लागेल का?

कोपरखैरण्याची सुमेधा
दव पडतं, भरपूर. एका पदराचा तंबू आतून पहाटे ठिबकतो. वरचं कव्हर आणा आणि दोन्हींत हवा खेळू द्या. खिडक्या गच्च बंद केल्यात तर आपल्याच श्वासाने भिजाल. खालून फोमची मॅट हवी, नुसती सतरंजी नको, थंडी जमिनीतून येते.

मुरबाडचा मास्तर
फोन करून कळवायची गरज नाही, चारपर्यंत पोचून सांगितलंत तर रात्री मिळेल. भाकरी तांदळाची असते. नाचणीची हवी असेल तर तेवढं पोचल्यापोचल्या बोला, पीठ असेलच असं नाही. कोंबडी खायची असेल तर मुरबाडातूनच घेऊन या, ऐन वेळी गावातली कापायला लावू नका, ती अंड्याची असते. आणि वॅगनआर गावाच्या पुढे बैलगाडीच्या वाटेवर घालू नका. रुतली तर ट्रॅक्टर मिळेल, पण ट्रॅक्टरवाला रात्री जेवून झोपल्यावर उठत नाही.