मदत हवी आहे: मेणबत्तीची प्रतिमा पडद्यावर येतच नाही

सातपूरकर
भाचीचं दहावीचं विज्ञान प्रात्यक्षिक सोमवारी आहे. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचंय. मेणबत्ती, भिंग, पडदा एका रेषेत आहेत, खोलीत अंधार आहे. भिंग कितीही पुढे-मागे करा, पडद्यावर नुसता पिवळट गोळा. ज्योतीचा आकार काही उमटत नाही. कुठे अडतंय ते पटकन सांगा, सिद्धांत नको.

गोदाकाठ
भिंगाचं नाभीय अंतर किती? मेणबत्ती ते पडदा अंतर किती? हे दोन आकडे द्या, मग बोलू.

सातपूरकर
अहो, नाभीय अंतरच तर काढायचंय, ते आधीच कसं सांगू? मेन रोडवरच्या चष्म्याच्या दुकानातून न कापलेली काच आणली आहे. एक बाजू फुगीर, दुसरी किंचित आत गेलेली.

उंटवाडीचा मास्तर
आत गेलेली म्हणजे अंतर्वक्र! त्याची प्रतिमा आभासी असते, पडद्यावर कधीच येणार नाही. काच बदलून आणा.

गोदाकाठ
सर, नाही. चष्म्याच्या अधिक नंबरच्या काचाही एका बाजूने आत वळलेल्याच असतात. मध्ये जाड आणि कडेला पातळ असेल तर ती किरण एकत्रच आणते. छापील अक्षरांवर धरून पाहा, अक्षरं मोठी दिसली की झालं. सातपूरकर, काचेच्या पाकिटावर नंबर असेल, तो सांगा. आणि अंतर राहिलंच.

सातपूरकर
अक्षरं मोठी दिसतात. पाकिटावर +५.०० आहे. टेबल ७० सेंमीचं, मेणबत्ती एका टोकाला, पडदा दुसऱ्या टोकाला.

गोदाकाठ
मग गाठ सापडली. १०० ला ५ ने भागा, नाभीय अंतर साधारण २० सेंमी. वस्तू आणि पडदा यांच्यात नाभीय अंतराच्या चौपट, म्हणजे किमान ८० सेंमी जागा लागते. भिंग बरोबर मध्ये, दोन्हीकडे ४०-४० वर असतं तेव्हा ही बेरीज सर्वांत कमी होते. त्याहून कमी जागेत स्पष्ट वास्तव प्रतिमा बसतच नाही, भिंग कुठेही न्या. टेबल सोडा, फरशीवर ९० सेंमी आखा. मेणबत्तीपासून ३० सेंमीवर दुप्पट मोठी, ६० सेंमीवर निम्मी प्रतिमा मिळेल. दोन्ही उलट्या.

गच्चीवरून
एवढा खटाटोप कशाला? खिडकीसमोर भिंग धरा, मागे पांढरा कागद, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी कागदावर उतरवा, पट्टी लावा. टाकी २० मीटरवर असेल तर २०.२ सेंमी येईल, चूक एकच टक्का. फक्त सूर्यावर प्रयोग नको, कागद पेटतो.

सातपूरकर
दादा, तक्ता भरायचाय. वस्तूचं अंतर, प्रतिमेचं अंतर, पाच ओळी.

पंचवटी प्रयोगशाळा
मेणबत्तीच काढून टाका. पंख्याने ज्योत हलते, आणि मेण जळेल तशी ज्योत खाली जाते, प्रतिमा उलटी असल्याने ती पडद्यावर वर सरकत जाते. मग मुलं भिंग तिरकं करतात आणि सगळंच बिघडतं. काळ्या पुठ्ठ्यात २ सेंमीचा बाण कापा, मागे बटर पेपर चिकटवा, त्यामागे मोबाइलचा टॉर्च. अंतर पुठ्ठ्यापासून मोजायचं, मोबाइलपासून नाही. आणि भिंगाला २ सेंमी भोकाचा काळा कागद लावा, कडेच्या किरणांनी येणारी धूसर, रंगीत किनार जाते.

गोदाकाठ
बाण उत्तम. भोकाशी मात्र मी सहमत नाही. भोक लहान केलं की प्रतिमा मागे-पुढे बऱ्याच जागी "स्पष्टच" दिसते, मग नेमकं वाचन कुठलं घ्यायचं?

पंचवटी प्रयोगशाळा
आणि चष्म्याची सहा-साडेसहा सेंमीची काच उघडी ठेवली तर कुठेच धड स्पष्ट होत नाही, त्याचं काय?

गोदाकाठ
बरं, ३ सेंमी ठेवा. वाचन दोनदा घ्या: एकदा पडदा जवळून लांब नेत, एकदा लांबून जवळ आणत. दोन्हींची सरासरी.

रामशेजप्रेमी
विषय निघालाच आहे तर, +१ ची काच पुढे आणि +२० ची डोळ्याजवळ, १०५ सेंमी नळीत बसवली की २० पट दुर्बीण होते. म्हसरूळहून रामशेज किल्ला बघा, उलटा दिसेल पण दिसेल झकास.

उंटवाडीचा मास्तर
+१ च्या काचेलाही रंगीत किनार येणारच, तिथे मात्र ३ सेंमी भोक हवंच. आणि सूर्याकडे अजिबात रोखू नका, डोळा जाईल.

सातपूरकर
दुर्बीण नंतर. ९० सेंमीवर बाण स्वच्छ आला! पण ३० आणि ६० सूत्रात घातले तर उत्तर उणे ६० येतंय.

उंटवाडीचा मास्तर
वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून तिचं अंतर उणे ३०. एक भागिले ६० वजा एक भागिले उणे ३०, म्हणजे बेरीज होते, एक भागिले २०. तक्त्याच्या रकान्यातच उणे चिन्ह लिहायला लावा, ऐनवेळी विसरत नाहीत.

सातपूरकर
२० आलं. आणखी ओळींसाठी पडदा कुठे ठेवू? ८० चालेल?

पंचवटी प्रयोगशाळा
८० टाळा. तिथे भिंग २ सेंमी सरकलं तरी प्रतिमा जेमतेम २ मिमी हलते, नजरेला फरक कळत नाही. काच २० ऐवजी २०.५ ची निघाली तर प्रतिमा येणारही नाही. ९० च्या दोन ओळी झाल्या, १०० वर भिंग २७.६ आणि ७२.४ जवळ सापडेल, पाचवी ११० वर घ्या.