विषय: खंड्याचा विमा भरावा की सोडावा?

प्रेषक: उदगीरकर, लेस्टर, इंग्लंड (सध्या मुक्काम गावी)

मंडळी, नमस्कार.

सोयाबीनची काढणी आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, अशा दोन कामांनी गावी आलोय. घरात रेंज नाही, गोठ्यामागच्या बाभळीखाली येते. तिथंच बसून लिहायलोय. काल संध्याकाळी मेल उघडला तर खंड्याच्या विम्याचं नूतनीकरण. ज्यांनी खंड्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी: काळा लॅब्राडॉर, वय आठ, लेस्टरच्या गणपतीत मोदकांचं ताट एकट्यानं संपवलं तोच.

पिल्लू होता तेव्हा महिन्याला 34 पौंड होते. गेल्या वर्षी 83. यंदा 112, म्हणजे वर्षाचे 1344. वर आठ वर्षं पूर्ण झाली म्हणून नवी अट: दुखण्यामागं पहिले 175 पौंड आपले, आणि त्यापुढच्या बिलातले वीस टक्केही आपलेच. आठ वर्षांत क्लेम केले दोन, दोन्ही कातडीच्या खाजेचे.

आकडा मी मोठ्यानं वाचला ही चूक झाली. दादा म्हशीची धार काढत होता.

"रुपयात किती?"

"दीड लाखाच्या वर."

"दीड लाखात देवणीची जोडी येती की रं." मग थोडा वेळ नुसता बादलीतल्या धारेचा आवाज. "आन् मेल्यावर किती भेटतात?"

आता हे त्याला कसं सांगायचं? दादाच्या दोन देवणी गाईंचा विमा आहे. डॉक्टर येऊन तपासून गेले, किंमत ठरवली, कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला आहेच, त्याच्यासकट फोटो काढला. सरकारी योजनेत 2024 पासून हप्त्यातला 15 टक्के वाटा शेतकऱ्याचा, बाकीचा केंद्र आणि राज्याचा. जनावर दगावलं की कंपनीला कळवायचं, शवविच्छेदन करून घ्यायचं, बिल्ला जमा करायचा. बिल्ला नाही तर क्लेम नाही. सगळा हिशोब मेल्यानंतरचा.

मी म्हणलं, मेल्यावर तसं काही नाही. काही पॉलिशांत विकत घेतल्याची किंमत देतात, पण तीही म्हातारं व्हायच्या आत मेलं तर. हे पैसे दवाखान्याचे, म्हणजे जगवायचे.

"जगवायचा इमा!" असं म्हणून तो बादली घेऊन गेला. हसला नाही, तेवढं एक बरं.

रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. नूतनीकरण 19 तारखेला आहे. आपल्यापैकी कुणी विमा सोडलाय का? सोडून पस्तावलात की सुटलात? खरं सांगा.

उदगीरकर

---

प्रेषक: लातूरच्या ताई, मिल्टन कीन्स

उदगीरकर भाऊ, आधी आईंच्या डोळ्याचं कळवा. कुत्र्याचं नंतर.

आमच्या बाईसाहेब चार वर्षांच्या असताना मागच्या अंगणात चेंडूमागं धावल्या आणि तीन पायांवर परत आल्या. गुडघ्यातला लिगामेंट तुटला. हाड कापून पट्टी बसवायचं ऑपरेशन, आधीचे एक्स-रे, नंतरची फिजिओ, सगळं मिळून 5800 पौंड. आमचे हे कधी कुणाला रक्कम विचारत नाहीत, त्या दिवशी काउंटरवर दोनदा विचारली. विमा होता म्हणून सही केली. नसता तरी केली असती, पण त्या वर्षी गावाकडचं तिकीट काढलं नसतं.

आता जे त्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं ते. अशा कुत्र्यांत एक गुडघा गेला की पुष्कळदा दुसराही जातो. आमचाही गेला, दीड वर्षानं. कंपनी दोन्ही गुडघे एकच दुखणं धरते. पॉलिसी 'लाइफटाइम' असल्यामुळं खर्चाची मर्यादा दर वर्षी नव्यानं सुरू होते, म्हणून निभावलं. बारा महिनेवाली स्वस्तातली घेतली असती तर पहिल्या गुडघ्यानंतर ते दुखणं कायमचं बाहेर गेलं असतं. मधल्या काळात दहा पौंडांसाठी कंपनी बदलली असती तरी तेच: "हे आधीचं दुखणं."

तेव्हा चिडून कंपनी बदलू नका. खंड्याची खाज तुमच्या कागदावर लिहिलेली आहे. नवी कंपनी खाजेला हात लावणार नाही, कानाला लावणार नाही, उद्या पंजा चाटला तरी म्हणेल खाजच.

ताई

---

प्रेषक: बीडचे बप्पा, रेडिंग

म्हणजे काय झालं ताई, पहिल्या पाच वर्षांत गिऱ्हाईक खुंट्याला बांधून घ्यायचं आणि मग दोर आवळायचा. जायला वाट नाही म्हणून आवळता येतो. घराच्या आणि गाडीच्या विम्यात जुन्या गिऱ्हाइकाला नव्यापेक्षा जास्त भाव लावायला 1 जानेवारी 2022 पासून बंदी आहे. कुत्र्यामांजरांच्या विम्याला तो नियम नाही. हा दोर ओळखून मी आमच्या दोन्ही मांजरांचा विमा त्याआधीच बंद केला होता.

त्याऐवजी वेगळं खातं काढलं. दर एक तारखेला 60 पौंड आपोआप जातात. सहा वर्षं झाली. एकीचे दात काढले, दुसरी कुणाशी तरी भांडून आली तिचं गळू फोडलं. ते सगळं वजा जाऊन खात्यात तीन हजारांच्या वर आहेत. विमा भरला असता तर ते कुणाच्या तरी कचेरीच्या काचा पुसायला गेले असते.

माझी सूचना अशी की मंडळानं भिशी काढावी. मागच्या सहलीत मोजली तेव्हा चौदा कुत्री होती. प्रत्येकी महिना 50, ज्याचं जनावर आजारी त्यानं उचलावी.

बप्पा

---

प्रेषक: खजिनदार

भिशीला माझा विरोध. परवान्याशिवाय असा धंदा करता येत नाही, आणि परवाना असता तरी मी केला नसता. कुणाचं कुत्रं जास्त आजारी यावरून आपलं मंडळ फुटेल. दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं अजून एकवीस जणांनी घेतलेली नाहीत.

---

प्रेषक: परभणीकर

मी सहसा या यादीवर गप्प बसते. एकदा तोंड उघडलं की सगळे कुत्र्याच्या विष्ठेचे फोटो पाठवतात. पण विषय माझ्या पोटापाण्याचा आहे.

मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. तिथं आम्ही हिंडून फिरून बैल आणि शेळ्या बघितल्या. गाभण म्हशीवर उपचार करायचा का, हे मालक म्हशीच्या किमतीकडं बघून ठरवायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. इथं आरसीव्हीएसची (इथल्या पशुवैद्यकांची नोंदणी करणारी संस्था) परीक्षा देऊन कामाला लागले, तेव्हा पहिल्या आठवड्यात मला शिकवलं गेलं: मालकाला आधी सगळे पर्याय सांग. त्यात एमआरआय आला, स्पेशालिस्ट आला, केमो आला. चाळीस वर्षांपूर्वी जे दुखणं "वय झालं" म्हणून संपायचं त्याला आता नाव आहे, यंत्र आहे आणि बिल आहे. हप्ता वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. गोड बातमी आणि कडू बातमी एकच.

दुसरं कारण दवाखान्यांची मालकी. 2013 च्या सुमाराला इथले दहापैकी एक दवाखाना मोठ्या कंपन्यांच्या हातात होता, आता दहापैकी सहा. बऱ्याच ठिकाणी दारावर जुन्या डॉक्टरांचंच नाव आहे, त्यामुळं मालक बदलल्याचं गावाला कळतही नाही. सीएमएनं, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेनं, मे 2024 मध्ये यावर रीतसर चौकशी उघडली ती उगीच नाही. शिवाय कर बघा: आमच्या बिलावर वीस टक्के व्हॅट, आणि तुमच्या हप्त्यावर बारा टक्के विमा कर. कुत्र्याला सरकारी दवाखाना नाही, कर मात्र आहे.

बप्पा, तुमचं खातं मला आवडलं. पण ते मांजरांनी पहिली दोन वर्षं दया दाखवली म्हणून जमलं. माझ्याकडं पाच महिन्यांचं पिल्लू मोजा गिळून आलं होतं. खातं उघडून तीनच महिने झालेले, आत 180 पौंड. आतडं उघडायला त्याच्या कित्येक पट लागतात. खातं म्हाताऱ्या, घरात बसणाऱ्या मांजराला चालतं. जे दिसेल ते गिळणाऱ्या लॅब्राडॉरला नाही.

आणि ताईंच्या मेलमधलं "विमा होता म्हणून सही केली" हे वाक्य मी रोज टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं बघते. माझ्या अनुभवात लोक विमा कुत्र्याचा काढत नाहीत. रात्री अकरा वाजता, कुत्रं टेबलावर पडलेलं असताना आपल्याला "राहू द्या डॉक्टर" म्हणता येणार नाही, याचा काढतात. ज्याला म्हणता येतं त्यानं खुशाल काढू नये. तो वाईट माणूस नाही.

उदगीरकर काका, तुमच्यापुरतं. कंपनी बदलू नका, ताई बरोबर बोलल्या. पण त्याच कंपनीला फोन करून विचारा की वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च देणार ती मर्यादा खाली आणली तर हप्ता किती. तुमची बहुतेक बारा-पंधरा हजारांची असेल. आठ वर्षांच्या खंड्यावर मेंदूचं ऑपरेशन तुम्ही करणार आहात का, हे आजच, बाभळीखाली बसून ठरवा. नसाल तर चार हजारांची पुरे. फक्त खाज त्यात पहिल्यासारखी चालू राहील, हे लेखी घ्या. खाजेच्या गोळ्या दवाखान्यातून घेऊ नका, लेखी प्रिस्क्रिप्शन मागा. त्याचे थोडे पैसे पडतात, तरी ऑनलाइन पुष्कळ स्वस्त पडतं. मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे आणि आम्हाला राग येत नाही. निदान मला तरी नाही.

सगळंच सोडणार असाल तर एवढं तरी ठेवा: डॉग्ज ट्रस्ट या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या. त्यात कुत्र्यानं दुसऱ्याचं नुकसान केलं तर दहा लाख पौंडांपर्यंतचं संरक्षण येतं. खंड्या सायकलवाल्याला आडवा गेला तर ते बिल दवाखान्याच्या बिलापेक्षा फार मोठं असू शकतं.

फोटो पाठवू नयेत.

परभणीकर

---

प्रेषक: उदगीरकर

परभणीकर बाई, तुमचा मेल दादाला वाचून दाखवला. "राहू द्या डॉक्टर" इथं आला तेव्हा तो उठून गेला. वाटलं, कंटाळला.

संध्याकाळी वहिनीनं सांगितलं. 2022 ला लंपी आला तेव्हा यांचा एक बैल गेला. त्याचे सरकारी मदतीचे 25 हजार मिळाले. दुसरा लंपीतून उठला, पण मागच्या पायानं अधू झाला. औताला चालत नाही, विकायचा म्हणलं तर घेणारा कोण ते माहीतच आहे. तो गोठ्याच्या टोकाला बांधलेला असतो. मी त्याला पाहुण्याचा बैल समजत होतो. त्याचा विमा नाही. गेल्या महिन्यात आठवड्यात तीनदा डॉक्टर बोलावला त्याच्यासाठी, आणि पोळ्याला नवी झूल त्यालाच घातली. वहिनी म्हणाली, "हिशोब इचारू नका, ते सांगत नाहीत आन् मी इचारत नाही."

मी विचारला नाही. फक्त म्हणलं, दादा, तुझ्यासारखाच हिशोब आहे माझा, माझ्याकडं पावती येते एवढंच. तो म्हणला, "कुत्रं खंडोबाचं हाय, त्याचं येगळं." पुढच्या माळेगावच्या यात्रेला खंड्याला घेऊन ये म्हणतो, तिथं कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. खंड्याला बक्षीस मिळेल ते फक्त खाण्याचं.

कंपनीला फोन लावला. बाभळीखालून चाळीस मिनिटं, त्यातली तीस सनई ऐकण्यात. मर्यादा चार हजारांवर आणली की हप्ता 71. खाज चालू राहील, तसा मेल आलाय. वीस टक्क्यांची अट हलली नाही, ती वयाची आहे म्हणे. भरतोय. 112 आणि 71 मधला फरक बप्पांच्या पद्धतीनं वेगळ्या खात्यात टाकणार, पण बप्पा, भिशीत माझं नाव धरू नका.

आईची पट्टी काल निघाली. तिला पहिल्यांदा दिसला तो दादाचा पांढरा झालेला केस. त्यावरून घरात वेगळंच सुरू आहे.

एक विनंती. 20 ते 23 लेक विद्यापीठाच्या सहलीला जायलीय. लेस्टरात कुणी खंड्याला चार दिवस ठेवून घेईल का? सकाळी अर्धी गोळी चीजमध्ये लपवून द्यायची, चीज जास्त लागतं. येताना लातूरची तूरडाळ दोन किलो नक्की.

उदगीरकर